धर्मापुरीचं स्थळ

चहा घ्या आधी, मग सांगते. आणि हसणार नाही असं वचन देऊ नका, आजवर ते कुणालाच पाळता आलेलं नाही. मी आयुष्यात नाकारलेलं पहिलं स्थळ धर्मापुरीचं होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कमरेवर हात ठेवून नाकारलं. बोलणी नेमकी कुणाची चालली होती, हे तेवढं मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.

शहाण्णव साल. अंबाजोगाईला वसतिगृहात राहून, प्राणिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि घाटनांदूरला घरी आले, ती जग सुधारायच्या तयारीनंच. जग म्हणजे आमचं घर. त्यात आई, अप्पा आणि अप्पांचे थोरले भाऊ अण्णा. पुढे अण्णांचं कापडाचं दुकान, मागे घर, त्याच्या मागे गोठा, आणि गोठ्यात ठिपकी नावाची, देवणी जातीची गाय. घरात सही करण्याचा अधिकार अण्णांचा. अप्पा माझे सख्खे वडील, पण त्यांच्याकडे काही मागितलं की ते म्हणत, "अण्णाला इचार." मला वाटतं माझ्या जन्माच्या वेळीही त्यांनी विचारूनच ठेवलं असेल.

तर एम.एस्सी.चा फॉर्म. औरंगाबादला प्रवेश घ्यायचा, शनिवार शेवटचा दिवस, आणि पालकाची सही हवी. तो फॉर्म पंधरा दिवस गल्ल्याशेजारी कापड मोजायच्या लोखंडी गजाखाली पडून होता. मी विचारलं की अण्णा म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे नक्कीच नाही.

मग मी ठरवलं, शिक्षणाचा उपयोग या लोकांना दाखवूनच द्यायचा. आणि नेमकी तेव्हाच वर्तमानपत्रांत इंग्लंडातल्या वेड्या गायींची बातमी गाजत होती. गायी थरथरतात, अडखळतात, खाणं सोडतात आणि मरतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर मिळेल ते वाचून काढलं होतं. हा रोग जंतूचा नाही, विषाणूचाही नाही, मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते, बस्स. आणि खरी गंमत पुढे होती. तो सगळ्या जनावरांना होत नाही. प्राणिसंग्रहालयातली हरणासारखी जनावरं गेली, चित्ते गेले, मांजरं गेली. कुत्र्याला काही नाही, घोड्याला काही नाही. सशाला मुद्दाम द्यायला गेले तरी तो गवत खात बसला. का? तर त्या प्रथिनाचा आराखडा वाणावाणात जरासा वेगळा. तेवढ्या फरकानं एक जनावर वाचतं आणि दुसरं मरतं. मला हे इतकं अद्भुत वाटलं की मी ते दुकानात बसून अण्णांना समजावलं. कापडाच्या भाषेत, म्हणजे त्यांना झेपेल असं.

"समजा अण्णा, एका ठाणाची घडी चुकली. आणि त्याला लागून ठेवलेली ठाणंसुद्धा आपोआप तशीच चुकीची घडी घ्यायला लागली. असं करत करत सगळं दुकान नासलं."

"आपल्या दुकानात घडी चुकत न्हाई," अण्णा म्हणाले.

"समजा म्हटलं मी."

"समजा तरी कशाला म्हणायचं? गिऱ्हाईक ऐकतंय."

"आणि काही कापडं अशी असतात, की शेजारी काही का होईना, ती आपली घडी मोडत नाहीत. तसा ससा."

अण्णांनी चष्मा वर केला. बराच वेळ विचार केला. "म्हंजे ससा टेरिकॉट हाय."

मी कपाळाला हात लावला. आता तुम्हीच सांगा, तीन वर्षं शिकून आल्यावर माणसानं हे ऐकावं? "हो अण्णा," मी म्हटलं, "ससा टेरिकॉट, गाय सुती. सगळं वाणावर आहे. म्हणून वाण बघावं." अण्णा "बरं बरं" म्हणाले आणि गज उचलून खण मोजायला लागले. गजाखालचा फॉर्म वाऱ्यानं उडाला, तो मीच उचलून परत ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ठिपकी हंबरायला लागली. थांबेचना. कडब्याला तोंड लावेना. डोळे भिरभिरते, कान ताठ, दावणीला नुसती गोल गोल फिरतेय. दूध रोजच्या निम्मं. शेजारची म्हैस आमच्याच गोठ्यात असायची, ठिपकीनं मान फिरवून पुढचे दोन्ही पाय त्या म्हशीच्या पाठीवर टाकले.

तोल जातोय, मी मनात नोंद केली. तोल जाणं, खाणं सोडणं, वागण्यात बदल. एकूण एक लक्षण जुळत होतं. परदेशी शीतपेयं घाटनांदूरच्या स्टेशनवर आली होती, परदेशी वाहिन्या घराघरांत आल्या होत्या. बाजार खुला केला की काय काय आत येईल याचा भरवसा नाही, रोग तेवढा सीमेवर थांबणार होता का?

मी सकाळचं दूध मोरीत ओतलं. आई बघतच राहिली.

"अगं, काय केलंस हे?"

"आई, तू घाबरू नकोस. ठिपकीला काय झालंय ते मला कळलंय."

आई जरा दचकली. मग पदर तोंडाशी नेत म्हणाली, "कळलं का? मग बरं झालं. मलाच सांगायला कसंतरी हुत हुतं. तिची येळ आलीय गं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आईलाही कळलं होतं. वेळ आली म्हणजे संपलंच. मी ठिपकीच्या गळ्यात पडून रडले. ठिपकीनं मला शिंगानं बाजूला केलं, माझ्या मते मेंदू गेल्यामुळे.

रडणं झाल्यावर कर्तव्य. आमच्याकडून रोज दूध नेणाऱ्या कुसुममावशी समोरच्या घरात राहत. त्यांना जाऊन सांगितलं, "मावशी, आमचं दूध पिऊ नका. गाय बिघडलीय. मेंदूचा रोग आहे, इंग्लंडचा." मावशींनी पडवीतून आमच्या गोठ्याकडे कान दिला. ठिपकी हंबरत होती. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुला कोण म्हणालं?"

"मी शिकलेय ते."

"हां," मावशी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून खोकल्या. तेव्हा मला वाटलं भीतीनं.

दुकानात गेले तर अण्णा हिशेबाच्या वहीत. म्हटलं, "अण्णा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. ठिपकीला वेगळं बांधायला हवं."

"काही न्हाई झालेलं तिला. दाखवून आणतो."

"कुणाला दाखवणार?"

अण्णा एकदम छताकडे बघायला लागले. अप्पा कापडाचं एक ठाण उघडून पुन्हा घडी घालायला लागले. घडी बरोबर होती, तरी.

"तू घरात जा बघू," अण्णा म्हणाले. "तुझ्या कानावर पडायच्या गोष्टी न्हाईत ह्या."

आता सांगा, संताप येणार नाही? जिनं अख्खं प्राणिशास्त्र पालथं घातलं, तिला म्हणे आत जा. मी आत गेले, पण दाराआड थांबले. शिक्षण असो नसो, दाराआड थांबण्याची अक्कल आमच्या घरात जन्मजात आहे.

अण्णांचा आवाज खाली आला. "धर्मापुरीच्या पाटलाकडचा चांगला हाय. मी स्वतः बघून आलोय."

"घराणं?" अप्पांनी विचारलं.

"तेच तर. आपली शैला म्हणती ते खरं हाय, आधी वाण बघावं. ह्याच्या वाणात कुणाला रोग न्हाई, आजार न्हाई. टेरिकॉट हाय एकदम."

"दिसायला?"

"गोरा हाय. कपाळ रुंद, खांदे भरलेले. चालला तर बघत ऱ्हावं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मग हे होतं तर. म्हणून फॉर्मवर सही नव्हती होत. टेरिकॉटचा सफारी घालून भरल्या खांद्यानं चालणारा पाटलाचा पोरगा मला दिसायलाच लागला.

"उद्या सकाळीच नेऊ," अण्णा सांगत होते. "उशीर केला तर परत तीन आठवडे थांबावं लागंल."

"टेंपोत चढंल का पण? लई हट्टी हाय."

"चढवू की दोघंतिघं मिळून. फार तर एखादी लाथ मारंल."

खरं सांगते, लाथेचं ऐकून क्षणभर बरं वाटलं. निदान तेवढं तरी ओळखत होते मला.

पण मग डोकं फिरलं. मी दार ढकलून थेट दुकानात गेले. कुसुममावशी ब्लाऊजपीस बघत बसल्या होत्या, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मला त्यांचीही पर्वा नव्हती.

"मी उद्या धर्मापुरीला येणार नाही," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कोण चल म्हणतंय?"

"उगीच लपवू नका, सगळं ऐकलंय मी. मला न विचारता ठरवता? मला दाखवायला नेता? आणि माझंच शास्त्र माझ्यावर उलटवता? वाण चांगलं म्हणून पसंत? तो शिकलाय किती ते विचारलंत का? त्याला एक शब्द तरी वाचता येतो का?"

अप्पांच्या हातातलं ठाण उलगडत उलगडत खाली गेलं.

"शैले," अण्णा म्हणाले.

"नाही म्हणजे नाही. तो कितीही गोरा असो, नि कितीही रुंद कपाळाचा असो. त्याला म्हणावं, दुसरी बघ."

"दुसऱ्या लई हायेत त्याला," कुसुममावशी ब्लाऊजपीस तोंडावर धरून म्हणाल्या. "आठवड्याला दोन-तीन येत्यात पंचक्रोशीतनं."

"बघा. असल्या माणसाला देणार होतात मला?"

मावशींनी गोठ्याकडे नुसतं बोट केलं. तिकडून ठिपकी जिवाच्या आकांतानं हंबरली.

"बाई," अण्णा सावकाश म्हणाले, "वळू हाय त्यो."

मी तरीही, ऐका, तरीही म्हणाले, "असेना का वळू, मी..." आणि मग थांबले.

ठिपकी माजावर आली होती. बस्स, एवढंच. गावातल्या कुठल्याही चौथीच्या पोरीला कळलं असतं. मी हेच चक्र परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं, दिवसांच्या टप्प्यांसह, पैकीच्या पैकी गुण मिळवून. पण ते उंदराचं होतं. गाय अभ्यासक्रमात नव्हती. आणि घरातली दोन मोठी माणसं एका बिनलग्नाच्या पोरीसमोर हा शब्द कसा काढावा म्हणून सकाळपासून छत आणि ठाणं बघत बसली होती.

त्यांना सरळ बोलता येत नाही, यावर खरं तर मला तासभर भाषण करता आलं असतं. त्या दिवशी नाही जमलं.

अण्णांनी गज उचलला. मला वाटलं, माझ्यासाठी. पण त्यांनी खालचा फॉर्म ओढला, खिशातलं पेन काढलं, आणि पंधरा दिवस न झालेली सही एका दमात केली.

"इतके दिवस मला वाटत हुतं, पोरगी लई शिकली, आता आनखी काय शिकायचं," ते म्हणाले. "आज कळलं. शिकायचं बरंच ऱ्हायलंय. जा तू औरंगाबादला."

ठिपकी दुसऱ्या दिवशी धर्मापुरीला गेली. टेंपोत चढताना तिनं अप्पांना एक लाथ मारली. पाटलाकडच्यानं तिला पसंत केलं, त्याच्या शिक्षणाची तिनं चौकशी केली नाही. मी औरंगाबादला गेले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अंगणातच वाटेत एक पांढरी, काळ्या ठिपक्यांची, रुंद कपाळाची कालवड उभी होती. तिचं बारसं अण्णांनी केलं होतं. वाण चांगलं, डोकं जरा गरम, म्हणून शोभेल असं नाव.

मी बॅग घेऊन अंगणात पाऊल टाकलं आणि दुकानातून अण्णा ओरडले, "एमेस्सी, वाटेत कशाला उभी ऱ्हायलीस, सर की बाजूला."

आम्ही दोघीही सरकलो.