आठ बाद आणि रापणीची खोळ

चौसष्ट साली मुंबईच्या कसोटीत चौथ्या डावात आपण ऑस्ट्रेलियाच्या धावांचा पाठलाग करत होतो, आणि मी मालवणच्या किनाऱ्यावर ट्रान्झिस्टर घेऊन रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना क्रिकेट शिकवत होतो. आठवा गडी बाद झाला तसा “संपलं!” म्हणत मी रेडिओ बंद केला. मागे सरकत दोरी ओढणारा एक म्हातारा समुद्रावरची नजर न काढता म्हणाला, “मासो खोळीत गावता. खोळ शेवटाक येता.”

खोळ म्हणजे जाळ्याच्या टोकाची पिशवी. याला क्रिकेटमधलं काय कळतंय, म्हणत मी घरी गेलो. संध्याकाळी बाजारात पेढे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, “जिकले मां आपले?” आणि दोरीवर मला जागा करून दिली. तळहात सोलवटले, पण खोळ येईपर्यंत मी हटलो नाही. खोळीत दोन खेकडे निघाले. दोरी धरेल त्याला वाटा, म्हणून एक त्याने मला दिला. मी तो करंडकासारखा मिरवत घरी नेला.