फादरांचं पुस्तक फादरांनीच लिहिलं

कोणी खुर्ची आणायला आत गेलं की तोवर फादर जमिनीवर बसलेले असायचे. "बोला, मी ऐकतोय," हे त्यांचं पहिलं वाक्य. धर्माचं सांगायला आलेला माणूस आधी ऐकायलाच बसतो, याची श्रीवर्धनमध्ये आम्हाला गंमत वाटायची.

फादर केरळातले. मराठी शिकले ते आमच्या वाडीत, सुपारी सोलणाऱ्या बायकांकडून. त्यामुळे रविवारच्या प्रवचनातही "देव हाय ना, मग?" असं सहज येऊन जायचं. बायकांनी सांगितलेल्या गोष्टी ते लिहून काढत आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवत. ऐकताना सोलणारे हात थांबले तर मजकूर राहायचा. हात चालूच राहिले तर फादर तिथल्या तिथे काट मारायचे.

मी शाळेत मराठी शिकवायचो. पुस्तक छापण्याआधी त्यांनी या लिहिलेल्या गोष्टी माझ्याकडे तपासायला दिल्या. मी हौसेने भाषा शुद्ध केली. "चूल पेटली न्हाय"चं "अग्नी प्रज्वलित झाला नाही" करून टाकलं. फादरांनी ते माझ्यासमोरच वाडीत वाचलं. त्या दिवशी सुपारी भराभर सोलून झाली. शेवटी यमुनाकाकू म्हणाल्या, "फादर, आज कुनाचं वाचलंत? यात आमी न्हाय."

फादर माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमची मराठी फार छान. फक्त इथं चालत नाही." आणि माझे सगळे शब्द काढून पहिले परत घातले.

पुस्तक गाजलं. केरळचा पाद्री असं लिहील कसा, गुरुजींनीच लिहून दिलं असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. बोर्लीला माझा सत्कार झाला. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि गप्प बसलो. पहिल्या रांगेत फादर मनापासून टाळ्या वाजवत होते.

म्हातारपणी ते धर्मगुरूंच्या आश्रमात राहायला गेले. तिथे भेटून मी सांगितलं, नव्या आवृत्तीत खरं काय ते लिहितो. ते म्हणाले, "कशाला? बायकांनी सांगितलं, मी लिहिलं, थंडीत शाल तुम्हाला झाली." आणि खोकला येईपर्यंत हसले. मलाही हसू आवरेना, आणि तेच मला जास्त लागलं.

नवी आवृत्ती पाहायला फादर राहिले नाहीत. प्रकाशक म्हणाले, प्रस्तावना तुमचीच हवी, तुमच्या नावावर पुस्तक खपतं. म्हणून ही लिहिली. वाचकहो, या पुस्तकात माझे आहेत ते फक्त स्वल्पविराम. बाकी अक्षर न् अक्षर फादरांचं.