बापूला विचारलं

दुकानाच्या फळ्या काढत होतो, तेवढ्यात सदाशिवचा मेव्हणा सायकलवरून आला. खाली उतरलाही नाही. "दाजी गेले," एवढंच म्हणाला... आणि मी आधी काय केलं असेल? कपाट उघडून पेनिसिलिनचं खोकं पाहिलं. सव्वा महिना झाला, तरी त्याची लाज जात नाही.

सदा आणि मी चिंचवडच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी गावातच औषधांचं दुकान टाकलं, तो पुण्याला सरकारी औषध खात्यात लागला. नियमांचे मसुदे लिहिणं हे त्याचं काम. तिकडे पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं, ज्याच्या त्याच्या तोंडी त्या औषधाचं नाव. आणि हा गडी संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचा, कागद काढायचा आणि एकेक नियम मोठ्यानं वाचायचा. "बोल बापू, ह्यातनं तू कसा निसटशील?" साहेबाला नियम दिसतो, दुकानदाराला त्यातली फट दिसते, असं त्याचं म्हणणं. मलाही चेव यायचा. मुदत संपलेलं औषध विकू नये, असं त्यानं वाचलं की मी म्हणायचो, "विकत न्हाई, फुकट देतो. पैसे बाटलीचे घेतो!" तो खदखदून हसायचा, 'पळवाट' म्हणून ते समासात टिपून घ्यायचा, आणि दोन दिवसांनी नियमात एक ओळ वाढलेली असायची. इतका चिकट माणूस, की समोरचा चहा निवून जायचा.

गेल्या थंडीत त्यानं वाचलं, पेनिसिलिनच्या प्रत्येक खोक्यावर मुदतीची तारीख हवी. "बोल."

"न्हाई रे, पक्कं हाय," मी म्हणालो.

खोटं बोललो. खोक्यावर तारीख, पण आतल्या सुट्या बाटल्यांवर? त्याच दुपारी मुदत संपलेल्या खोक्यातल्या उरलेल्या चार बाटल्या मी नव्या खोक्यात सारल्या होत्या. फेकवेनात, एवढंच. रात्रभर तळमळलो, सकाळी त्या निवडून काढायला गेलो, तर सगळ्या सारख्याच.

महिन्याभरात सदालाच न्यूमोनियानं धरलं. सुमतीवहिनी धावत दुकानात आल्या. "भावजी, डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलंय. ताजं द्या हं." मी खोक्यावरची तारीख त्यांना वाचून दाखवली. तारीख खरीच होती! पण हाताला कुठली बाटली आली, ते तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. औषधाचा गुण आला नाही, छाती फार भरली होती, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. दिवसातून दहा वेळा मी स्वतःला तेच सांगतो.

दिवसवार झाल्यावर वहिनी त्याचे कागद घेऊन आल्या. "तुमच्याशी बोलूनच लिहायचे ना हे सगळं... तुमच्याकडेच असू द्या." त्या गेल्यावर मी कागद चाळले. त्या नियमाशेजारी, समासात, सदाचं बारीक अक्षर होतं: 'पळवाट नाही. बापूला विचारलं.'

वहिनी, तुम्ही वाचाल म्हणूनच हे छापायला देतो आहे. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. सदाचे ते चार शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्याखाली लिहिलं, 'प्रत्येक बाटलीवर तारीख हवी. बापू खोटं बोलला.' कागद उद्या खात्यात नेऊन देतो. स्टूल अजून तिथेच आहे. संध्याकाळी भिंतीला सायकल टेकल्यासारखा आवाज झाला की मी दचकून मान वर करतो... तो विचारेल म्हणून.