धुळ्याला गेलेली समोरची पोर

"एक इचारू, आबा?" असं म्हणायची आणि माझ्या होकाराची वाट न बघता विचारून मोकळी व्हायची. बसायची ओट्याच्या खालच्या पायरीवर, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. उत्तर येईपर्यंत नजर हलवायची नाही. आमच्या असोद्यातली, समोरच्या घरातली पोर. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. तिला येताना बघून म्हातारे घरात शिरतात.

मी तिसरीपर्यंत शिकलेला. पण भाऊबंदांत माझा शब्द अजून कोणी खाली पडू देत नाही, हे सांगायला मला संकोच नाही.

ती जळगावला समाजकार्याच्या कॉलेजात जायची. मला त्या शिक्षणाचं हसू यायचं. "लोकायचं भलं करायले डिग्री लागते व्हय? उद्या आंघोळीची डिग्री काढतीन."

"काढली तर पहिलं नाव तुमचं घालते, आबा." थंडीत मी आंघोळ चुकवतो, ते तिला समोरून दिसायचं.

एकदा अभ्यास म्हणून मलाच विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोन जेवतं?"

"ज्याले भूक नाही ते."

आत कुठलंसं भांडं जोरात आदळलं. मी लक्ष दिलं नाही.

डिग्री झाली. सातपुड्याच्या पायथ्याला एका संस्थेत नोकरी चालून आली. हिला मात्र धुळ्याला जाऊन एमएसडब्ल्यू, म्हणजे त्याच्याही पुढची डिग्री, करायची होती. बाप केळीवाला, साधा माणूस. तो म्हणाला, "आबा म्हनतीन तसं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी दोघं आले. शेजारचे चार जणही ओट्यावर टेकले. मी विचारलं, "नोकरी दारात आली, तरी धुळं कायले?"

कॉलेजकडून ती पायथ्याच्या एका पाड्यावर गेली होती. तिथे एका बाईचं लेकरू वाळत चाललेलं. "मी तिले लय समजावलं, आबा. ती मान हालवत रायली. निघताना समजलं, माझं निम्मं बोलनं तिले कयलंच नव्हतं. मले नुसतं बोलता येतं. अशीच जाऊन पगार घेऊ का?" सांगताना तिचं तोंड उतरलं.

मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "जा पोरी! शिकनाऱ्या पोरीले अडवनारा मानूस, मानूस नाही."

बापानं हात जोडले. ती मात्र उठली नाही.

"एक इचारू, आबा? मंग वहिनीले कायले अडवलं?"

वहिनी म्हणजे माझी सून. पदर डोक्यावर, हातात चहाचा ट्रे, दारात उभी. तिचीही हीच डिग्री, लग्नाआधीची. समोरच्या पोरीचा अभ्यास तीच घ्यायची. लग्नानंतर तिचाही धुळ्याला नंबर लागला होता. "आपल्या घरी खायले कमी हाय का?" एवढंच मी तेव्हा म्हणालो. मुलानं मान डोलावली, विषय मिटला. म्हणजे माझ्यापुरता मिटला.

"गप बस ना माय!" बाप पोरीवर ओरडला. सून पुढे आली. रोजच्यासारखा पहिला कप मला दिला. मी तो तसाच खाली ठेवला आणि पोरीच्या बापाला धुळ्याच्या गाडीची वेळ विचारली. चार माणसांसमोर मला तेवढंच सुचलं.

पोर धुळ्याला गेली. तिला गाडीत बसवून द्यायला सून मला न विचारता स्टँडवर गेली.

पोरीनं राग धरला नाही. सणावाराला येते, पाया पडते, लगेच सुनेकडे आत जाते. मला आता काही विचारत नाही. पायरी मोकळीच असते.

रविवारी दुपारी सुनेला तिचा फोन येतो. स्वयंपाकघरात सून हसते, वाद घालते, "आधी त्या बाईले बोलू दे, मंग तू बोल," असं बजावते. इतकी वर्षं घरात आहे, पण हा आवाज मी ऐकलेला नव्हता. "सूनबाई, तूही जा," हे मी म्हणायला हवं. ओठापर्यंत येतं, तिथेच बसतं.

आमच्याकडे घरात शिरताना मोठा माणूस खोकतो, म्हणजे बायका पदर सावरतात. एका रविवारी मी सहज खोकलो. आतला आवाज मधेच तुटला. "आबा उठले. ठेवते."

आता रविवारी खोकला दाटून आला की मी चपला हातात घेतो, आवाज न करता ओटा उतरतो, आणि पार मारुतीच्या देवळापाशी जाऊन खोकतो.