रिकाम्या घरापुढचं कोलम

नोकरीभर मी सरकारी लेखापरीक्षणात होते. दुसऱ्याच्या कागदांतली खोट शोधायचा मला पगार मिळायचा, आणि ती सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून यावी असं कधी वाटलं नाही. नवरा म्हणतो, मी देवळातल्या तीर्थाचाही वास घेऊन बघते. म्हणू दे. या तमिळ शहरातच निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडायचं होतं, आणि साठवलेल्यातून आयुष्यात एकच घर होणार होतं. तिथे फसलो असतो तर पुन्हा उभं राहायचं वय उरलं नव्हतं.

पेरुंगुडीतला तो फ्लॅट मला पाहताक्षणी आवडला, म्हणूनच मी सावध झाले. तिसरा मजला, दोन्हीकडून वारा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. घर एका विधवा बाईंच्या नावावर होतं आणि विकत होता त्यांचा मुलगा. त्याच्याकडे आईचं नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र होतं. चाळिशीचा, आयटीतला, बोलायला फार अदबशीर. आई थकलीय, एन्नोरला मावशीकडे असते, घर कधीचं रिकामंच आहे, आतलं सामान नंतर हलवू, असं त्याने सांगितलं. पण दारात तांदळाच्या पिठाचं ताजं कोलम होतं. रिकाम्या घरापुढे रांगोळी कोण काढतं, असं मी विचारलं. दार ओसाड दिसू नये म्हणून कामवाली काढते, असं तो म्हणाला. आणि हे मला, सगळ्या जगात मला, पटलं. मुलगा वळणाचा आहे, असंही मनात आलं.

दलाल म्हणाला, वकील आमचाच आहे, तुम्हाला फी नाही. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. जो वकील आपल्याकडून पैसे घेत नाही तो दुसऱ्या कोणाकडून तरी घेतोच. मी आपला वकील शोधायला निघाले. पहिल्याचं ऑफिस काचेचं होतं. त्याने फाइल न उघडताच सांगितलं की बँकेच्या वकिलाने कर्जासाठी कागद पास केलेत, मग आता काय बघायचं? बँकेचा वकील बँकेचं बघतो, माझं कोण बघणार? दुसऱ्याकडे बसले असताना टेबलावरचा त्याचा फोन वाजला आणि पडद्यावर आमच्याच दलालाचा हसरा फोटो उमटला. मी चहा तसाच टाकून उठले.

तिसरे वकील तिरुवल्लिकेणीत, एकट्या पुरुषांना खोल्या भाड्याने देणाऱ्या मॅन्शनांच्या गल्लीत, एका जिन्यावरच्या खोलीत बसायचे. तंजावरच्या मराठी घराण्यातले. जुन्या पत्रांतली वाटावी अशी मराठी ते तमिळ हेल काढून बोलायचे, आणि मला पहिल्या वाक्यापासून अक्का म्हणायला लागले. नवरा विरघळला. मी पर्स घट्ट धरली. परमुलखात कोणी मराठी बोललं की आमचे लोक कसे सैल होतात, हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. म्हणून मी फाइल देतानाच जुन्या खरेदीखताचं मधलं एक पान काढून ठेवलं होतं. बघू या वाचतात का. त्यांनी सावकाश पानं उलटली आणि एके ठिकाणी थांबले.

"अक्का, मधलं पान तुमच्या पिशवीत आहे. मन होईल तेव्हां द्या."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मी पान दिलं, पण त्याने माझं समाधान झालं असं नाही. हुशार माणूस जास्त सावधपणे फसवतो.

त्यांनी सगळं तपासलं. आधीची खतं, बोजा नसल्याचा दाखला, पट्टा म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, घरपट्टी, सगळं स्वच्छ निघालं. आणि मग म्हणाले, त्या आईला एकदा पाहायला हवं. मी मनात म्हटलं, आली, नवी फी आली. किंवा फ्लॅट यांच्याच कोणाला हवाय. आई हयात असल्याचा डॉक्टरचा दाखला मुलाने दिला होताच. मुखत्यारपत्र देणारा गेला की पत्रही संपतं, म्हणून तो दाखला लागतो. तो मी त्यांच्यापुढे सरकवला.

"आई जिवंत आहे हें डॉक्टरानं लिहिलं," ते म्हणाले. "तिला ठाऊक आहे हें कोणी लिहिलं नाही."

मुलाकडे एन्नोरचा पत्ता मागितला तर आधी आईला ताप होता, मग मावशीच्या घराला रंग लागत होता. वकिलांनी मला सहज विचारलं, घरात काय काय पाहिलं? मी खिडक्या सांगितल्या, वारा सांगितला, आणि बोलता बोलता कोलमही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, उद्या पहाटे जाऊं, कोणास बोलूं नका.

तिसऱ्या मजल्यावर, त्याच फ्लॅटच्या दारात, एक म्हातारी कमरेत वाकून, चिमटीतून पीठ सोडत कोलम काढत होती. मागे दार उघडं होतं आणि आतून कॉफीचा वास येत होता. वकिलांनी सांगितलं की आम्ही या भागात घर बघतोय. ती खूश झाली, आत बोलावलं, स्टीलच्या टंब्लरमधून कॉफी दिली. मी ज्या खुर्चीवर बसले तिची जागा मनातल्या मनात कधीच बदलून टाकलेली होती. तिच्या नवऱ्याने हे घर घेतलं होतं आणि इथेच तो गेला. मुलगा फार जपतो, म्हणाली. घरात झुरळांचं औषध मारायचं असलं की तिला बहिणीकडे एन्नोरला नेऊन सोडतो. अलीकडे फारच वेळा मारतो. कुठल्या कागदावर सही केली का, वकिलांनी विचारलं. हो, केली होती, ऑफिसात नेलं होतं. घरपट्टीच्या रांगेत आईला उभं राहावं लागू नये म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, घर घेताना नीट बघून घे बाई, या गावात कोणावर विश्वास ठेवायची सोय नाही. माझं सगळं मुलगा बघतो म्हणून मी निर्धास्त आहे.

वकील माझ्याकडे बघत राहिले. हे सांगायचं मलाच होतं, आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं. घर विकायला काढलंय, घेणारी मीच.

तिने माझ्या हातातला अर्धा भरलेला टंब्लर काढून घेतला.

"तुला कोणी पाठवलं?"

तिची नजर मी ओळखली. जन्मभर मी लोकांकडे तशीच बघत आलेय. ती आम्हाला दारापर्यंत घेऊन गेली आणि आतून कडी लावली. वकिलांनी आपलं कार्ड दाराखालून आत सरकवलं.

मी मुलाला फोनवर नाही म्हणून सांगितलं. कागदात काही खोट निघाली का, त्याने अदबीने विचारलं. कागदात काही नाही, मी म्हटलं, आणि फोन ठेवला. आम्ही एक लहान घर भाड्याने घेतलं.

नवरात्राच्या सुमारास वकिलांचा फोन आला. म्हातारी एकटी बसने त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तिला समजावलं होतं की मुखत्यारपत्र रद्द करता येतं, मात्र तशी नोटीस मुलाला जाणार. ती म्हणाली, मग दिवाळी होऊ द्या. दिवाळीला तो घरी येतो, मिठाई आणतो.

"आणि तोवर विकलं गेलं तर?" मी विचारलं.

"तेंच मीही बोललों. ती म्हणते, काही होत नाही. घेणारे येतील ते त्या बाईसारखेच येऊन सांगतील."

फोन ठेवला आणि लगेच दलालाला लावला. माझा विचार बदलतोय, असं खोटंच सांगितलं, आणि तो फ्लॅट अजून आहे का ते विचारलं. आहे मॅडम, तो म्हणाला, पण लवकर सांगा, उद्याच एकजण बघायला येतोय. आज सकाळीच घरात औषध मारून ठेवलंय.