समोरच्याला विचारून रंग

नेकनूरहून एसटीने आलेल्या त्या रंगाऱ्याने माझ्या जुन्या विटांच्या घराकडे चक्क पाठ केली आणि समोरच्या घराकडे बघत तो तंबाखू मळू लागला. घराला बाहेरून कोणता रंग द्यायचा, यावरून आमच्याकडे तीन दिवस भांडण चालू होतं. मी पिस्ता म्हणत होतो, बायको बदामी.

"तुमी कावून भांडताय?" तो म्हणाला. "तुमी तर आत बसनार. भायेरचा रंग दिसनार समोरच्याला. त्येलाच इचारा की."

समोरच्या तात्यांशी गटारीवरून माझा दोन वर्षं अबोला होता. तरी या पठ्ठ्याने मला दंडाला धरून तिकडे नेलंच. तात्या ओट्यावर दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "रंग नगं. ईटाच लई झ्याक दिसत्यात. रोज दात घासताना त्याच बघतो मी."

मला वाटलं, बिचाऱ्याचं काम गेलं. त्याने मात्र शांतपणे माझ्या हातातलं शेडकार्ड घेतलं, तात्यांच्या भिंतीला लावलं आणि मला विचारलं, "बोला, ह्यांच्या घराला कोन्ता देऊ?"

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता रोज सकाळी दात घासताना मी तात्यांचा पिस्ता बघतो. बदामीच हवा होता.