अक्षता खाल्लेला कॉम्प्युटर

हिंदमाताजवळच्या दुरुस्तीवाल्याने आमचा कॉम्प्युटर जेमतेम दोन मिनिटं चालू ठेवला, कान लावला आणि सांगितलं की हार्ड डिस्क गेली, नवी घाला, आतलं विसरा. 'विसरा' हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की माझं डोकंच फिरलं. मी ते बारा वर्षांचं धूड उचललं, टॅक्सीत घातलं आणि करी रोडला घरी परत आणलं.

आत माझ्या वडिलांची भजनं होती. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, आणि संध्याकाळी चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी स्वतः रचलेले एकशे बासष्ट गजर आणि गवळणी सहा वह्यांत होत्या. तीन वर्षं दर रविवारी ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते म्हणून घरात माझा तोरा मोठा. चाळीच्या जागी टॉवर झाला, नव्या घरात सामान लावताना त्या फाटक्या वह्या मी परस्पर रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये होतंच, शिवाय मी बॅकअपही घेतला होता. तो बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

वडील मात्र निवांत. "जांवदे गो, वह्यो आसत मा," ते म्हणाले. मी नुसती मान डोलावली; वह्या रद्दीत गेल्याचं त्यांना सांगितलंच नव्हतं.

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. डिस्कचं नंतर बघू, आधी मशीन दर दहा मिनिटांनी आपोआप बंद का पडतं ते शोधायचं होतं. डबा तापतो म्हणून त्याचा एका बाजूचा पत्रा मीच कधीचा काढून ठेवला होता. टॉर्च मारला तर पंख्याच्या पात्यांत तांदूळ. हळदीकुंकवाचे तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि आपट्याचं अर्धं पान. वडील गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा करायचे, तशीच ते दरवर्षी कॉम्प्युटरची करायचे, आणि उघड्या बाजूने अक्षता थेट आत. पंखा अडकला की मशीन तापायचं, तापलं की धाडकन बंद पडायचं, आणि प्रत्येक वेळी तो दणका डिस्कला बसायचा.

मी तोंड उघडणार होते. मग वह्या आठवल्या आणि उघडा पत्राही आठवला, तेव्हा नुसता टॉर्च धरून राहिले. वडिलांनी चष्मा चढवला आणि आईच्या चिमट्याने एकेक तांदूळ वेचून बाहेर काढला. पंखा भिरभिरायला लागला. तासभर झाला तरी मशीन बंद पडलं नाही, आणि मी उगाचच कॉलर ताठ केली.

डिस्क मात्र हट्टाला पेटली होती. दिसायची, टिकटिक करायची आणि गायब व्हायची. मी केबल बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. मग पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालू केली, म्हणजे डिस्कवर भार नको, फक्त फाइली उतरवून घ्यायच्या. भजनांचा फोल्डर दिसला. अकरा फाइली उतरल्या आणि पुन्हा टिकटिक. तीनदा तेच झालं. मला रागाने रडू आलं.

वडिलांनी येऊन डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. साचेखात्यातल्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटातही ते आवाजावरून नेमका बिघडलेला साचा ओळखायचे.

"तेका आडवो कर गो," ते म्हणाले. "उभो रवलो काय घासता."

हा काय साचा आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझे सगळे उपाय संपले होते. मी खाली सतरंजी घातली आणि डबा हलकेच आडवा केला.

टिकटिक थांबली. बारावी फाइल उतरली, तेरावी उतरली. चाळीस. नव्वद. आम्ही दोघं सतरंजीवर मांडी घालून त्या हिरव्या पट्टीकडे बघत होतो, आणि मी मोठ्याने आकडे म्हणत होते. एकशे बासष्ट झाले तेव्हा मी इतकी नाचले की आई पोळी लाटायची सोडून बाहेर आली. वडिलांनी शेवटची फाइल उघडायला लावली, गजर सुरू केला आणि त्याच डब्यावर ठेका धरायला गेले. मी त्यांचा हात वरच्या वर धरला. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेका धरला.

तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या आणि मगच मी वह्यांचं सांगितलं. ठेका थांबला. वडील उठले, चपला घातल्या आणि खाली उतरले. परत आले ते सहा कोऱ्या वह्या घेऊनच. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी कुंकू लावलं, देव्हाऱ्यातल्या चार अक्षता ठेवल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आता हातान लिही," ते म्हणाले. "एक-एक."

सध्या मी सत्तेचाळिसाव्या गजरावर आहे. अक्षर गचाळ आलं की ते पान फाडायला लावतात.